हार घालणाऱ्यांनो, हात दाखवा

रिचर्ड ॲलनचं पोस्टाचं तिकीट अमेरिकेनं २०१६ साली काढलं. मेथॉडिस्टांच्या इतिहासातही त्याला आता मानाचं पान आहे. असू द्या. पण दोस्तांनो, हार कोण घालतंय आणि त्याच हातांनी आधी काय केलं, ते विचारा. बाबासाहेबांच्या फोटोला कोण कोण हार घालतं, बघतोच की आपण. आणि पँथर हे नाव १९७२ साली आपण तिकडच्या काळ्यांकडूनच घेतलं, तेव्हा ही माणसं परकी नव्हेत.

ॲलन १७६० चा, जन्मानं गुलाम. लाकडं फोडून, वीटभट्टीवर राबून त्यानं मालकाला स्वतःची किंमत मोजली. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये काळ्यांनी बांधकामाला पदरचा पैसा घातला, अंगमेहनत केली. बसायची जागा? वर, गॅलरीत! प्रार्थना चालू असताना गुडघ्यावर बसलेल्या ॲब्सलम जोन्सला विश्वस्तानं धरून ओढलं. प्रार्थना तेवढी संपू द्या, म्हणाला. तेवढाही दम नाही. मग सगळे काळे एकजुटीनं बाहेर पडले. (साल १७८७ की १७९२, यावर पंडित भांडतायत. भांडू द्या.)

जुनी लोहारशाळा घोड्यांनी ओढत आणून १७९४ मध्ये त्यांनी बेथेल उभं केलं. तरी गोऱ्यांना चैन पडेना. प्रार्थना तुमची, मालकी आमची! १८१५ ला इमारत लिलावात निघाली आणि ॲलनला आपल्याच चर्चवर बोली लावावी लागली. १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या वरच्या कोर्टानं बेथेलच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं. ॲलन पहिला बिशप. सत्कारवाले गुडघ्यांवरची प्रार्थना रंगवून सांगतात, हा सातबाऱ्याचा झगडा एका वाक्यात उरकतात. सोयीचं असतं ते.

जे आत राहिले त्यांचं काय झालं? १९३९ ला मेथॉडिस्टांची तीन चर्चं एक झाली. त्या एकीसाठी काळ्यांच्या परिषदा बाजूला काढून 'सेंट्रल ज्युरिस्डिक्शन' केलं. बाकीचे पाच विभाग भूगोलावर, हा सहावा कातडीवर. काळ्या प्रतिनिधींतल्या बहुतेकांनी विरोधात मत दिलं होतं. कोण ऐकतो! एकाच चर्चच्या पोटात महारवाडा, तो १९६८ पर्यंत. प्रेमाचं प्रवचन दर रविवारी चालूच.

आता आपल्या बाजूचंही बोलू. जरीना ली नावाच्या काळ्या बाईनं उपदेश करायची परवानगी मागितली, तेव्हा याच ॲलननं नियम दाखवला. बाईला तशी तरतूद नाही म्हणाला. पुढं १८१९ ला प्रवचन देणारा मध्येच अडखळला, तशी ती भर चर्चमध्ये उठली आणि बोलू लागली. तेव्हा कुठं ॲलननं मानलं. दीक्षा तिला मिळाली नाहीच. तिनं मग पायी, बोटीनं गावोगाव हिंडून उपदेश केला आणि आपली कहाणी स्वतः लिहून १८३६ मध्ये छापली. तिचं तिकीट कुणी काढलं? आणि आपल्या जयंतीच्या सभेत बाया अजून सतरंज्याच का घालतात, स्टेजवर किती जणी असतात?