हाड कापतानाही यतना

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. त्यातून रक्त वाहते, त्यात पेशी जगतात आणि मोडलेले हाड पुन्हा सांधण्याचे कार्य जिवंत पेशीच करतात. म्हणून शस्त्रक्रियेत हाड किती कापले याबरोबरच ते कसे कापले, यालाही महत्त्व असते.

करवत किंवा ड्रिल वेगाने चालू लागले की घर्षणाने उष्णता निर्माण होते. हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर एक मिनिट राहिले, तरी त्याला इजा पोहोचते, असे स्वीडनमधील एरिक्सन व आल्ब्रेक्टसन या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. मृत झालेल्या कडेवर नवे हाड उशिरा धरते. बसविलेला स्क्रूही सैल पडू शकतो. यासाठी पाते धारदार हवे, दाब बेताचा हवा आणि सलाइनची धार सतत हवी. बोथट पाते हाड अधिक तापवते.

रशियातील कुर्गान येथील डॉ. गाव्रील इलिझारोव यांनी आखूड पाय लांब करताना हाच विवेक पाळला. हाडाचे कठीण कवच छिन्नीने अलगद छेदायचे, वरचे आवरण व आतील रक्तप्रवाह शक्यतो राखायचा आणि काही दिवसांनी रोज १ मिलिमीटर, तोही ४ टप्प्यांत, अंतर वाढवत न्यायचे. त्या फटीत नवे हाड तयार होते.

छेद अटळ असला, तरी अनावश्यक इजा अटळ नसते. जैन आचारात या सावधपणालाच यतना म्हणतात. शस्त्रक्रियागृहाबाहेर घड्याळाकडे पाहणाऱ्या आप्तांनी एवढे ध्यानी ठेवावे : आतला संथ हात कदाचित हाडाचे प्राण राखत असेल.