विश्लेषण : बँकेची तिजोरी कोणी मोजायची?

मुंबईतील न्यू इंडिया सहकारी बँकेच्या प्रभादेवी आणि गोरेगाव येथील तिजोऱ्यांत हिशेबापेक्षा १२२ कोटी रुपये कमी निघाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांनी रोकड प्रत्यक्ष मोजली, तेव्हा हे उघड झाले. १३ फेब्रुवारीला पैसे काढण्यावर निर्बंध आले, दुसऱ्याच दिवशी संचालक मंडळ बरखास्त झाले. लेखापरीक्षण तर दरवर्षी होत होते. मग एवढी मोठी तूट आधी का दिसली नाही?

तपासणी कोण करते?

सहकारी बँकेवर तीन पहारे असतात. पहिला, बँकेने स्वतः नेमलेले अंतर्गत आणि समवर्ती लेखापरीक्षक. दुसरा, वार्षिक ताळेबंदावर सही करणारा वैधानिक लेखापरीक्षक. २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर त्याच्या नेमणुकीस रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. तिसरा, बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ नुसार होणारी रिझर्व्ह बँकेची तपासणी. यातील पहिल्या दोघांचे शुल्क बँकच देते. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याकडूनच मानधन घ्यायचे, हा या व्यवस्थेतील मूळ दोष आहे.

पण रिझर्व्ह बँक तर स्वतंत्र आहे ना?

स्वतंत्र तपासनीसही बँकेने पुढे केलेल्या कागदांवर विसंबला, तर फसतो. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे (पीएमसी) २०१९ मधील प्रकरण हेच सांगते. एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे बँकेचे ६,५०० कोटींच्या आसपास कर्ज अडकले होते. ते झाकण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवल्याचा आरोप आहे. ही खाती बँकेच्या संगणक प्रणालीत नव्हतीच. तपासणीसाठी दिलेल्या यादीत तेवढी ती होती, असे पोलिसांतील तक्रारीत म्हटले आहे. यादी प्रणालीशी ताडून पाहिली असती, तर बनाव तिथेच कळला असता.

किंमत कोणी मोजली?

‘पीएमसी’च्या ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांसाठी अवघे एक हजार रुपये काढता येत होते. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पण पाच लाखांवरील रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधले गेले. ‘न्यू इंडिया’चे ठेवीदार त्या मानाने सुदैवी. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

काय बदलायला हवे?

रिझर्व्ह बँक नियमभंगासाठी दंड करते, पण तो बहुधा बँकेला. म्हणजे ज्यांनी चूक केली त्यांच्या खिशाला झळ नाही, भुर्दंड सभासदांना. म्हणून खोट्या आकड्यांवर सही करणारा अधिकारी, संचालक आणि लेखापरीक्षक यांची जबाबदारी व्यक्तिशः आणि ठरावीक मुदतीत निश्चित झाली पाहिजे. रोकडीची मोजणी आधी न कळवता व्हावी. कर्जखात्यांची माहिती तपासनीसाने थेट प्रणालीतून घ्यावी. समवर्ती लेखापरीक्षकाची नेमणूक आणि मानधन बँकेच्या हातून काढून नियामकाकडे द्यावे.

आणि निष्कर्ष ठेवीदारापर्यंत पोहोचावेत. तपासणी अहवाल माहिती अधिकारात द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. बँकांनी पुढे त्याविरुद्ध पुन्हा न्यायालयात धाव घेतली. अहवाल उघड झाले तर ठेवीदार घाबरतील, हा त्यांचा युक्तिवाद. मात्र सकाळी शाखेच्या दारावर निर्बंधाची नोटीस वाचणाऱ्या ठेवीदाराची भीती त्याहून मोठी असते. ‘न्यू इंडिया’त तूट सापडली ती नोटा मोजल्यामुळे; हे काम नियमाने व्हायला हवे, संकट आल्यावर नव्हे.