अभिजात दर्जा मिळाला, पत्रांचं काय?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर तीच बातमी फिरली. भाषेचं प्राचीनत्व सिद्ध करताना शिलालेख आणि जुने ग्रंथ कामी आले. पण ५०-६० वर्षांपूर्वीच्या कागदाचं काय? दगड टिकतो, पोस्टकार्ड नाही.

वि. स. खांडेकरांचं उदाहरण घ्या. ‘ययाति’साठी १९७४ चा ज्ञानपीठ, मराठीतला पहिला. १९७६ मध्ये ते गेले. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. हस्तलिखितं, पत्रं, फोटो, वापरातल्या वस्तू तिथे जपल्यात. छापील कादंबरीत खाडाखोड दिसत नाही, ती हस्तलिखितात दिसते. १९२० ते १९३८ शिरोड्यात शाळामास्तर, मग कोल्हापूर, सिनेमाच्या पटकथा, शेवटी गेलेली दृष्टी. हा माणूस कुठल्या परिस्थितीत लिहीत होता, हे अशा कागदांवरून कळतं.

पण पत्रांची एक गंमत आहे. लेखकाच्या कपाटात त्याला आलेली पत्रं सापडतात. त्याने लिहिलेली असतात दुसऱ्यांच्या घरात, शंभर ठिकाणी. जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांचे खंड ‘मौज’ने काढले. ते शक्य झालं, कारण ज्यांना पत्रं आली त्यांनी ती फेकली नाहीत.

इथेच आपला संबंध येतो. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. इतकी वर्षं वाचणाऱ्या या पट्ट्यातल्या लोकांनी आवडत्या लेखकाला कधी पत्र लिहिलंच नसेल? आणि उत्तर आलंच नसेल? आज कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला जातायत, कुणी टिटवाळ्यात नवा फ्लॅट घेतंय. सामान बांधताना माळ्यावरची ट्रंक उघडते आणि आजोबांचे कागद किलोच्या भावाने रद्दीत जातात. त्यात काय होतं, कुणी बघतही नाही.

बाहेर काय चाललंय? मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दींचे कागद अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाकडे आहेत. सोबत त्यांचे जुने मॅक संगणकसुद्धा! उद्याचा मराठी कादंबरीकार तर व्हॉट्सॲपवरच बोलतोय. फोन बदलला, बॅकअप गेला, विषय संपला.

सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही, तसंच सगळं घराघरांवरही नाही. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी आणि कॉलेजच्या मराठी विभागांनी मिळून ‘पत्रं आणा, स्कॅन करून परत न्या’ एवढं सुरू केलं तरी पुष्कळ. एनएसएसच्या मुलांना करण्यासारखं हे काम आहे.

तोवर घरी एवढं पाळा. पाकीट फेकू नका, तारीख पोस्टाच्या शिक्क्यावरून कळते. लॅमिनेशन आणि सेलोटेप नको. पत्र कुणाचं, कुणाला, हे आजीला विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. आणि लगेच इन्स्टावर टाकू नका. कागद तुमच्या घरचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, त्याच्यानंतर वारसांचा असतो.

आजीला मात्र आजच विचारा. नावं तिलाच माहीत आहेत.