पेव आणि शीतकपाट

सांगलीलगत, कृष्णा-वारणेच्या संगमावर वसलेल्या हरिपूरची हळदीची पेवे एकेकाळी दूरवर ख्यात होती. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे निर्धोक राहत असे. तोंड बंद केले की आत प्राणवायू उरत नसे, त्यामुळे किडीचाही निभाव लागत नसे. पेव उघडल्यावर माणूसही लगेच आत उतरत नसे. ते काही तास उघडे ठेवावे लागे. २००५ च्या महापुरात अशी अनेक पेवे पाण्याने निकामी झाली.

पेवात जाणारी हळद शिजवून कडक वाळवलेली असे, हे विसरता कामा नये. घरच्या शीतकपाटात, म्हणजे आपल्या रोजच्या फ्रिजमध्ये, जाते ते ओले, चिरलेले, शिजलेले अन्न. आणि त्याचे दार तर दिवसभर उघडत असते. गारव्याने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. काही जंतू तर थंडीतही संथपणे वाढतच राहतात. आतील तापमान ४ अंशांच्या वर जाऊ नये, यासाठी स्वस्तातला तापमापक आत ठेवणे गृहिणीला हितावह. दाराचा कप्पा सर्वांत उबदार. तरीही दूध ठेवायला तोच सोयीचा वाटतो! दुधाचे पातेले आतल्या बाजूस, झाकण लावूनच असावे.

श्रावकाच्या घरी हा प्रश्न अधिक गहन होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपते, म्हणजे उरलेली आमटी-भाजी दुसऱ्या सकाळपर्यंत बारा-तेरा तास पडून राहते. ती दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात निववून आत ठेवली तर आरोग्यास बाधा येण्याची शक्यता कमी होते, हे खरे. परंतु शास्त्रकारांनी सांगितलेली मर्यादा गारव्याने वाढत नाही. पिठाला हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवस ही मर्यादा दक्षिण महाराष्ट्रातील घरोघरी ठाऊक आहे. दमट हवेत पीठ लवकर बिघडते, हे त्यामागचे साधे निरीक्षण आजही तितकेच खरे. मळलेली कणीक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांना सकाळी ती काळपट पडलेली दिसते. तिची पोळी ताज्या कणकेची बरोबरी करीत नाही. मोजून शिजवणे हाच खरा उपाय, मग फ्रिज निम्मा रिकामा राहिला तरी चालेल.

फळांचे वेगळे. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणली की धुऊन ठेवण्याची घाई होते. ओलाव्याने तिला दुसऱ्याच दिवशी बुरशी धरू शकते. ती न धुता, कागद अंथरलेल्या डब्यात एकाच थरात ठेवावी आणि खाण्याच्या वेळीच धुवावी. तासगावच्या द्राक्षांनाही हाच नियम. बेदाणे हवाबंद बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास त्यांचा रंग पुष्कळ दिवस राहतो. पिकलेले आंबे किंवा सफरचंदे पालेभाजीशेजारी ठेवली तर त्यांतून निघणाऱ्या वायूने भाजी लवकर पिवळी पडते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कृष्णेचे पाणी सांगलीच्या वस्त्यांत शिरले आणि अनेक भागांतील वीज गेली. अशा वेळी बंद दाराच्या फ्रिजमधला गारवा सुमारे चार तासच पुरतो. गच्च भरलेला बर्फाचा कप्पा, तो वेगळ्या दाराचा असेल तर, दोन दिवसांपर्यंत तग धरतो. निम्मा भरलेला एक दिवस. त्यानंतर दूध, दही, शिजलेले अन्न टाकावे लागते. अन्न टाकताना हात जड होतो खरा, पण चव घेऊन खात्री करण्याचा मोह टाळावा. बिघाड नेहमी वासाला वा चवीला कळत नाही. पुराचे पाणी लागलेला कोणताही उघडा जिन्नस, फिरकीच्या झाकणाच्या बरणीतलासुद्धा, ठेवू नये.

घर बंद करून सुरक्षित जागी जाणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. बर्फाच्या कप्प्यात वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर कप्पा गोठलेलाच राहिला; तळाशी गेले असेल तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले असे समजावे, आणि तो कप्पा रिकामा करावा.