रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे

नवजात बाळाचे वजन २.५ किलोपेक्षा कमी असेल तर त्याची जास्त काळजी घ्यावी लागते. समजा, २.४ ऐवजी संगणकात २४ भरले गेले. नोंदणीची प्रणाली नीट बनवलेली असेल तर ती तिथेच अडवेल, नसेल तर २४ किलोचे बाळही निमूटपणे स्वीकारेल. चूक बोटाची असली, तरी ती पुढे जाऊ देणारी प्रणालीच असते.

संगणकाच्या दृष्टीने सगळी माहिती एका जातीची नसते. वजन, ताप, हिमोग्लोबिन या संख्या. त्यांची सरासरी काढता येते. रक्तगट ठरावीक पर्यायांपैकी एक असतो, म्हणून तो टाइप करण्यापेक्षा यादीतून निवडणे बरे. एक्स-रे ही प्रतिमा, डॉक्टरांचा शेरा हा मजकूर. केसपेपरचा ००४५२ हा क्रमांक दिसतो संख्येसारखा, पण तीही एक खूणच आहे. तो संख्या म्हणून साठवला की पुढची शून्ये गळतात आणि नुसते ४५२ उरते. तारखेचे तर विचारूच नका. ०५/०४ म्हणजे आपल्याकडे ५ एप्रिल, अमेरिकी पद्धतीने ४ मे. बाळाच्या लसीची तारीख अशी उलटली तर काय होईल?

हा घोळ मोठमोठ्या संस्थांनाही चुकलेला नाही. ‘सेप्ट १’, ‘मार्च १’ अशा नावांची मानवी जनुके एक्सेलमध्ये भरली की त्यांच्या आपोआप तारखा होत. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नव्हती. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही त्यामुळे लांबला.

यावर उपाय म्हणून प्रत्येक रकाना सक्तीचा केला जातो. तो उपाय उलटू शकतो. रक्तदाबाचे यंत्र बंद आहे, पण आकडा भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. अशा वेळी १२०/८० लिहून मोकळे होण्याचा मोह कोणालाही होईल. कोणी शून्य भरेल. रिकामा रकाना निदान खरे बोलतो. सक्तीने भरलेला आकडा खोटे बोलतो आणि तोच पुढे जिल्ह्याच्या सरासरीत मिसळतो.

म्हणून प्रत्येक रकान्यात ‘मोजले नाही’ हा पर्याय हवा. अशक्य आकड्याला प्रणालीने तिथल्या तिथे हरकत घ्यायला हवी. शक्य असेल तिथे डिजिटल वजनकाट्यावरून किंवा बारकोडवरून माहिती थेट संगणकात यावी. मुख्य म्हणजे आशाताई, अंगणवाडी सेविका आणि परिचारिका यांना एकच नोंद आधी वहीत आणि मग मोबाइलवर अशी दोनदा करायला लावू नये. रकाने ठरवतानाही त्यांना विचारावे. कोणता आकडा मिळतो आणि कोणता मिळत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

रुग्णालाही एक गोष्ट करता येईल. दवाखान्यातून निघण्यापूर्वी छापील कागदावरचे वय, वजन, रक्तगट आणि औषधाची ॲलर्जी एकदा वाचून पाहावी. चुकीची नोंद तिथेच दुरुस्त होणे सर्वांत सोपे असते.