प्रवेश अडतो तो अर्जापाशी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. हार्वर्डविरुद्धची तक्रार आशियाई मुलांवरील अन्यायाची होती, म्हणून तिथल्या अनेक भारतीय पालकांनाही हा खटला आपला वाटला. तेव्हापासून वाद चालला आहे तो जागांचा: कुणाच्या वाढल्या, कुणाच्या घटल्या. हा वाद पोकळ नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्येच सार्वमताने अशी पद्धत बंद केली. त्याचे परिणाम झॅकरी ब्लीमर या अर्थशास्त्रज्ञाने तपासले, तेव्हा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले कमी दर्जाच्या कॉलेजांकडे ढकलली गेल्याचे आणि पुढे त्यांची कमाईही सुमारे ५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कमाईतला हा फटका मुख्यतः हिस्पॅनिकांना बसला. पण ज्या घरातून आजवर कुणीच कॉलेजात गेलेले नाही, त्या मेक्सिकन किंवा साल्वाडोरन कामगाराच्या मुलीचे नुकसान बहुतेकदा या वादाच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असते. तिची फाइल प्रवेश समितीच्या टेबलावर पोहोचतच नाही.

आपल्याकडे सीईटीचा निकाल लागला की पसंतीक्रम भरायचा आणि कॅप राउंडच्या यादीची वाट पाहायची. अमेरिकेत अशी सामाईक यादी नाही. प्रत्येक कॉलेजची मुदत निराळी. निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, अर्जाचे शुल्क किंवा ते माफ करून घेण्याची खटपट, आणि सरकारी आर्थिक मदतीसाठी ‘फॅफ्सा’ नावाचा अर्ज. यातले बरेचसे बारावीच्या पहिल्या सहामाहीतच उरकावे लागते. पदवीधर आईबाप यातला निम्मा भार स्वतःच्या अंगावर घेतात, पैसेवाले खासगी सल्लागार नेमतात. पहिल्या पिढीच्या मुलाला आधार उरतो शाळेतल्या समुपदेशकाचा. एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत, असे त्यांची संघटना सांगते. देशाची सरासरी ३७० च्या वर आहे. त्यात छापील शुल्काची धास्ती. हार्वर्डचा वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे गेल्याचे जगाला ठाऊक असते. १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाला तो २०२५ पासून माफ आहे, ही बातमी मात्र नेमकी त्या घरापर्यंत जात नाही. कॅरोलाइन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांनी दाखवून दिले आहे की, गरीब घरांतल्या अत्यंत हुशार मुलांपैकी बहुसंख्य मुले एकाही नामांकित कॉलेजकडे अर्जच करत नाहीत.

फॅफ्साचीच गत पाहा. शंभरावर प्रश्नांचा हा अर्ज सुटसुटीत करण्याचा कायदा २०२० च्या अखेरीस झाला. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा अर्ज नव्या रूपात २०२३ च्या ३० डिसेंबरला, तोही अडखळत, खुला झाला. आणि स्थलांतरित आई किंवा वडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर त्यांना आपला भाग पूर्णच करता येईना. मूल अमेरिकेत जन्मलेले, नागरिक, मदतीला पूर्ण पात्र. पण आईच्या एका रकान्यापाशी सगळे ठप्प. ओळख पटवायला फोन करा, कागद ईमेलने पाठवा, थांबा. दुरुस्तीला मार्च उजाडला, तरी तक्रारी उरल्याच. अर्ज सोपा करण्याच्या सुधारणेत स्थलांतरितांच्या घरांचा विचारच झाला नव्हता, असाच याचा अर्थ. आपली माहिती दुसऱ्या खात्याच्या हाती लागेल ही भीती वेगळीच, आणि स्थलांतरितांच्या सध्याच्या धरपकडीत तिला निराधार म्हणवत नाही.

मग माहिती दिली की काम भागेल, असे अनेकांना वाटते. पुरावा तसे सांगत नाही. एरिक बेटिंजर आणि सहकाऱ्यांनी एच अँड आर ब्लॉक या करविवरण भरून देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयांत एक प्रयोग केला. काही कुटुंबांना किती मदत मिळू शकेल तो आकडा सांगितला. काहींचा मदतीचा अर्ज करविवरणावरून तिथल्या तिथे भरून दिला. नुसता आकडा ऐकलेल्यांत फरक पडला नाही. अर्ज भरून मिळालेल्या घरांतली पुढे दोन वर्षे कॉलेजात टिकलेली मुले मात्र २८ वरून ३६ टक्क्यांवर गेली. मिशिगन विद्यापीठाने तर गरीब घरांतल्या हुशार मुलांना पत्रच पाठवले: प्रवेश मिळाला तर चार वर्षे शुल्क माफ, त्यासाठी फॉर्म भरायला नको. यातल्या बहुतेकांना एरवीही तेवढी मदत मिळालीच असती. तरी पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. प्रत्यक्ष दाखल झाले ते २७ आणि १२ टक्के. ही मुले मुख्यतः हिस्पॅनिक नव्हती, पण अडचण तीच होती.

ज्याला अर्ज भरता येत नाही तो अभ्यासक्रमात काय टिकणार, हा आक्षेप हमखास येतो. त्याचे उत्तर टेक्साससारख्या राज्याने देऊन ठेवले आहे. १९९७ च्या कायद्याने तिथे प्रत्येक शाळेतल्या पहिल्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळू लागला. ऑस्टिनच्या विद्यापीठाने ही मर्यादा नंतर खाली आणली. सँड्रा ब्लॅक, जेफ्री डेनिंग आणि जेसी रोथस्टीन यांच्या अभ्यासानुसार या वाटेने आत आलेल्या मुलांचे पदवीचे प्रमाण आणि कमाई दोन्ही वाढले, आणि त्यांच्यामुळे जागा हुकलेल्यांचे तसे नुकसान झाले नाही. दुसरा आक्षेप असा की, हिस्पॅनिक मुले घर सोडायला तयार नसतात. हे बऱ्याच अंशी खरे आहे, पण त्याला दोष का म्हणायचे? धाकट्या भावंडांकडे पाहणारी, घरात पगार देणारी मुलगी जवळचे कॉलेज निवडत असेल तर टेक्सासमधल्या एल पासो आणि रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातली विद्यापीठे भक्कम करावीत. झाले उलटेच: सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा आणि इतर अल्पसंख्याकबहुल संस्थांचा सुमारे ३५ कोटी डॉलरचा निधी रोखला.

आयडाहोने २०१५ पासून बारावीच्या मुलांना अर्जाआधीच प्रवेशाचे पत्र धाडायला सुरुवात केली, कॅलिफोर्नियाच्या रिव्हरसाइड काउंटीत २०२४ मध्ये तसा प्रयोग झाला. नुसत्या पत्राने गरीब घरांत फारसे काही बदलत नाही, हे आयडाहोत दिसले आहे. त्याच लिफाफ्यात मदतीची रक्कम लिहिलेली हवी, आणि अर्ज शाळेतच बसून भरून देणारा माणूस हवा. यासाठी राज्यांनी पैसा काढावा. वंशाचा निकष न्यायालयाने बंद केला आहे. घरचे उत्पन्न, शाळा आणि आईबापांचे शिक्षण पाहू नका, असे त्या निकालात कुठेही म्हटलेले नाही.