पडल्यानंतरचे काही तास

दिवाळीच्या आसपास बीडच्या रस्त्यांवर ऊसतोडीला निघालेल्या, माणसांनी भरलेल्या ट्रॉल्या आपण बघतोच. वरून कुणी पडलं की चार जण त्याला हातपाय धरून उचलतात आणि जीपमध्ये कोंबतात. माया असते हो, पण हे थांबायला हवं.

मज्जारज्जूचं जे व्हायचं ते पडल्याक्षणी होऊन गेलं, असं आपण समजतो. तसं नसतं. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त साचतं, सूज येते आणि धक्क्यातून वाचलेल्या पेशीही ऑक्सिजनवाचून मरू लागतात. हे तासन्‌तास, कधी काही दिवस चालतं. आपल्या भाषेत, केबल शाबूत पण सप्लाय बंद! (पुढच्या दोन-तृतीयांश भागाला रक्त देणारी मुख्य धमनी एकच.) म्हणून तर डॉक्टर रक्तदाब पडू देत नाहीत. आणि आपण रस्त्यावरच कणा वाकवून ठेवतो.

२०१४ पासून १०८ची ॲम्ब्युलन्स आहे. ती येईपर्यंत मान-पाठ हलवायची नाही, बाहेर रक्त वाहत असेल तर दाबून धरायचं. अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या डॉक्टरांना बोलावून हे हॉस्टेलवर शिकावं. गॅदरिंगच्या डीजेच्या खर्चात सहज बसेल.